सामानाचा आकडा आपल्या हाती



संसारात अडीअडचणीला उपयोगी पडेल अशी माहिती द्यावी, एवढाच या सदराचा हेतू असतो. रेशनकार्डावरचे नाव, बँकेतील वारसाचा अर्ज, शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख, असे विषय आपण घेतो. आज घेतला आहे विमानात न्यायच्या सामानाच्या वजनाचा विषय. हे वाचून कोणी म्हणेल, "अहो, भिंगारच्या माणसाला विमानाचे काय पडले आहे?" त्यांना आमचे सांगणे असे, की जरा आपल्याच गल्लीत डोकावून पाहा.

कोणाचा मुलगा पुण्यात इंजिनिअर झाला आणि कंपनीच्या कामासाठी बंगळूरला विमानाने ये-जा करू लागला. कोणाचा जावई दुबईला किंवा मस्कतला कामाला आहे. भिंगार ही छावणीची वस्ती. लष्कराशी नाते नाही असे घर इथे शोधावे लागते, आणि सुट्टीवर येणारा जवान आता कधी कधी दिल्लीहून पुण्याला विमानानेही उतरतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. तिच्या आधाराने आपली मुले-मुली परदेशातल्या विद्यापीठांत पोहोचली. बुद्धगयेच्या यात्रेला निघालेली ज्येष्ठ मंडळीही गुडघ्यांचा विचार करून विमानाचे तिकीट काढू लागली आहेत. शिर्डीचा विमानतळ तर आपल्याच जिल्ह्यात काकडी येथे २०१७ साली सुरू झाला. तेव्हा विमान हा केवळ श्रीमंतांचा विषय राहिलेला नाही. मात्र ज्यांच्या घरात तीन पिढ्या विमानात बसल्या, त्यांना जे न सांगता कळते, ते आपल्याला कोणीतरी सांगावे लागते. म्हणून हा लेख.

रेल्वेची सवय, विमानाचा नियम

आपल्या लोकांची प्रवासाची सवय एसटीची आणि रेल्वेची. रेल्वेलाही सामानाची मर्यादा आहे. साध्या दुसऱ्या वर्गात माणशी ३५ किलो आणि स्लीपरमध्ये ४० किलो सामान फुकट नेता येते. पण बाकाखाली ढकललेल्या ट्रंकेचे वजन सहसा कोणी करीत नाही. भिंगारमध्ये तर लष्करी बदलीची काळी ट्रंक हे घरातले फर्निचरच आहे. त्यावर नाव, हुद्दा रंगवलेला असतो आणि बसेल तितके आत भरायचे, झाकणावर बसून कडी लावायची, अशी रीत असते. एसटीत कंडक्टरने नुसते डोळ्यांनी पाहिले की काम झाले.

विमानात तसे नाही. तिथे एकूण एक बॅग काट्यावर चढते आणि आकडा लगेच दिसतो. देशातल्या देशात बहुतेक कंपन्यांच्या साध्या तिकिटावर माणशी १५ किलो सामान जमा करता येते आणि हातातली बॅग साधारण ७ किलोपर्यंत चालते. परदेशी जाताना मर्यादा कंपनी, देश आणि तिकिटाच्या प्रकारानुसार बदलते. म्हणून दुसऱ्याच्या तोंडी माहितीवर न जाता आपल्या स्वतःच्या तिकिटावर छापलेला आकडा वाचावा. "आमच्या भाच्याने तीस किलो नेले होते" हा पुरावा खिडकीवर चालत नाही.

मर्यादेच्या वर गेले की जादा आकार लागतो. देशातल्या प्रवासात तो किलोमागे काही शे रुपये असतो. परदेशच्या प्रवासात कुठे किलोवर, तर कुठे बॅगेवर आकारणी होते आणि रक्कम काही हजारांच्या घरात जाते. पाच किलो मसाला आणि पापड यांच्यासाठी त्यांच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजायचे, की तो तिथेच टाकून द्यायचा? रांगेत उभे असताना, मागची माणसे चुळबुळ करीत असताना हा निर्णय घ्यायची वेळ कोणावर येऊ नये.

विमानाला वजनाचे एवढे काय?

पुष्कळांना वाटते, हा सगळा पैसे उकळण्याचा प्रकार आहे. जादा आकारात कंपनीचा फायदा असतो, हे खरेच. पण वजनाचा हिशेब मुळात सुरक्षिततेचा आहे. उड्डाणापूर्वी माणसे, सामान, माल आणि इंधन यांच्या वजनाचा ताळेबंद मांडला जातो. नुसती बेरीज करून भागत नाही. कोणते वजन पुढे आणि कोणते मागे आहे, तेही पाहावे लागते. सायकलच्या कॅरिअरवर ज्वारीचे पोते जरा जास्त मागे बांधले, की पुढचे चाक उचलते. विमानाचेही तत्त्व तेच.

८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतील शार्लट शहरात एअर मिडवेस्ट कंपनीचे १९ आसनी विमान उड्डाणानंतर अर्ध्या-पाऊण मिनिटात कोसळले आणि त्यातील सर्व २१ जण मरण पावले. चौकशीत दोन गोष्टी बाहेर आल्या. शेपटीकडील नियंत्रणाची जोडणी दुरुस्तीच्या वेळी चुकली होती, आणि विमानाचा तोल मर्यादेपेक्षा बराच मागे गेला होता. माणसांची व सामानाची ठरीव सरासरी वजने धरून हिशेब केला होता. प्रत्यक्षातले वजन त्याहून अधिक होते. त्यानंतर तिथे सरासरीचे आकडे वाढवावे लागले. म्हणजे कागदावरचा हिशेब बिनचूक असूनही धरलेला आकडाच चुकीचा असेल, तर हिशेब फसतो. हिशेबनिसाचे काम करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

बॅगेच्या वजनाला आणखी एक कारण आहे. ती उचलणारा माणूस. विमानाच्या पोटात सामान रचणाऱ्या कामगाराला एका पाळीत शेकडो बॅगा उचलाव्या लागतात. म्हणूनच एका बॅगेचे वजन साधारणपणे ३२ किलोच्या वर चालत नाही, तुम्ही जादा पैसे भरायला तयार असलात तरीही. आपल्यातल्या कित्येकांच्या बापजाद्यांनी पाठीवर पोती वाहिली. त्यांना या नियमाचा अर्थ पटकन कळेल.

हाताचा अंदाज आणि काट्याचा आकडा

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातली मुलगी इंग्लंडला पुढच्या शिक्षणासाठी निघाली. घरातील पहिलीच पदवीधर आणि पहिलीच विमानात बसणारी. तिच्या तिकिटावर २३ किलोची एक बॅग होती. वडिलांनी हाताने उचलून पाहिली आणि सांगितले, "वीस-एकवीस भरेल." विमानतळावर काट्याने दाखवले २७ किलो १०० ग्रॅम. जादा आकाराएवढे पैसे जवळ काढून द्यायचे, तर तिकडच्या पहिल्या महिन्याच्या खर्चाला हात घालावा लागला असता. मुलीने सगळ्यांसमोर बॅग उघडली. कुकर आणि भांडी काढली, आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी काढली. निरोप देणारी मंडळी तोवर गाडी घेऊन नगरच्या वाटेला लागली होती. काढलेले सामान घरी परत आलेच नाही.

पुढे एकदा तिच्या वडिलांसोबत बसून आम्ही वस्तूवार हिशेब मांडला. कपडे ७ किलो, पुस्तके ५ किलो, कुकर आणि भांडी ३ किलो १०० ग्रॅम, मसाले व खाऊ साडेचार किलो, बूट-चपला १ किलो ३०० ग्रॅम. बेरीज २० किलो ९०० ग्रॅम. म्हणजे वडिलांचा एकवीसचा अंदाज सामानापुरता बरोबरच होता! पण रिकाम्या बॅगेचे वजन ४ किलो २०० ग्रॅम, ते कोणी धरलेच नव्हते. आणि शेवटच्या रात्री आजीने मायेने दिलेली गोधडी २ किलोची. जवळजवळ प्रत्येक घरात गडबड होते ती या दोनच ठिकाणी. रिकामी बॅग हिशेबात येत नाही आणि शेवटच्या रात्रीची भर कोणी मोजत नाही.

तेव्हा पहिला नियम असा, की बॅग विकत घेतानाच तिचे रिकामे वजन पाहावे. चाकांची मोठी बॅग साधारण तीन ते पाच किलोची असते. १५ किलोच्या मर्यादेत पाच किलो बॅगेनेच खाल्ले, तर उरले काय? दुसरा नियम, निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी बॅग बंद करून वजन करावे आणि त्यानंतर आत काहीही घालू नये. घालायचेच असेल, तर पुन्हा काट्यावर.

घरच्या घरी वजन कसे करावे?

सोपा उपाय म्हणजे हुकाचा लहान ताणकाटा. बॅटरीवर चालणारा हा काटा काही शे रुपयांत मिळतो. बॅगेच्या मुठीत त्याचा पट्टा किंवा हुक अडकवावा, दोन्ही हातांनी सरळ वर उचलावे आणि आकडा स्थिर होईपर्यंत हलू नये. बॅग पायाला, भिंतीला किंवा पलंगाला टेकली तर आकडा कमी येतो. तीनदा उचलावे आणि तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा खरा धरावा. आपल्याला सोयीचा आकडा खरा मानण्याची सवय माणसाला असते, म्हणून हा नियम.

दुसरा उपाय माणसाचे वजन करायच्या काट्याचा. काटा गोधडी किंवा सतरंजीवर न ठेवता कडक फरशीवर ठेवावा. सुई शून्यावर आहे का, ते पाहावे. आधी नुसते स्वतःचे वजन घ्यावे, मग बॅग धरून घ्यावे आणि वजाबाकी करावी. पण हे ध्यानात ठेवा, की दोन आकडे घेतले म्हणजे दोन्हींतली चूक एकत्र येऊ शकते. सुईच्या काट्यावर अर्धा किलो इकडेतिकडे सहज होते. दोन्ही वेळा झाले, तर एक किलोचा फरक पडला. अशा काट्यावर वजन केले, तर मर्यादेच्या दीड-दोन किलो आतच थांबावे.

तिसरा उपाय आपल्या पिठाच्या गिरणीचा, किराणा दुकानाचा किंवा रद्दीच्या दुकानाचा. धंद्यात वापरायच्या काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असावा लागतो. २००९ च्या वैधमापन कायद्याखालील नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. ओळखीच्या गिरणीवाल्याला दुपारच्या निवांत वेळी विचारले, तर तो नाही म्हणणार नाही. बॅग ठेवण्यापूर्वी आकडा शून्य आहे ना, एवढे पाहावे.

काटा कोणताही असो, तो खरा बोलतो की नाही हे आधी तपासावे. त्यासाठी घरातच साधने आहेत. सीलबंद दहा किलोची आट्याची पिशवी, पाच किलोचा तांदूळ आणि एक-एक किलोचे मिठाचे पाच पुडे एका पोत्यात घालून उचला. काट्याने वीस किलोच्या किंचित वर दाखवले पाहिजे, कारण पोत्याचे आणि वेष्टनांचे वजन त्यात धरावे लागते. अठरा दाखवले, तर काटा दोन किलोने कमी बोलतो असे समजा आणि तेवढे वजन प्रत्येक वेळी मिळवा. दोन किलोच्या पुड्यावर बरोबर बोलणारा काटा वीस किलोवर चुकू शकतो. म्हणून बॅगेच्या वजनाच्या जवळपास जाऊनच तपासणी करावी. बॅटरी क्षीण झाली असेल तर ती आधी बदलावी.

आपल्या जुन्या माणसांना शेर आणि मण अजून आठवतात. मेट्रिक वजने आपल्याकडे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. त्यापूर्वी गावोगाव शेर वेगळा आणि घेण्याचे माप व देण्याचे माप वेगळे, असा कारभार चाले. त्यात नाडला जायचा तो मजूर आणि लहान शेतकरी. नगर जिल्हा हा उसाचा आणि ऊसतोड कामगारांचा. पाथर्डीकडून कोयता घेऊन निघणाऱ्या मजुराला टनावर पैसे मिळतात, आणि 'काटा मारणे' म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. काट्याचा आकडा ज्याच्या हाती, त्याचे पारडे जड, हा आपला जुना अनुभव. मग बॅगेच्या बाबतीतच आपण डोळे मिटून का जावे?

किलो, पौंड आणि दोन तिकिटे

परदेशच्या प्रवासात दोन पद्धती असतात. एका पद्धतीत एकूण वजन ठरलेले असते, बॅगा किती ते फारसे महत्त्वाचे नसते. दुसरीत बॅगांची संख्या आणि प्रत्येक बॅगेचे वजन, दोन्ही ठरलेले असते. अमेरिकेच्या प्रवासात ही दुसरी पद्धत सर्रास असते. प्रत्येक बॅगेला २३ किलो अशी मर्यादा असेल, तर एक बॅग २६ किलोची आणि दुसरी १९ ची, बेरीज तर मर्यादेतच आहे, असा युक्तिवाद चालत नाही. २६ किलोच्या बॅगेला दंड बसतोच. दोन्ही बॅगा स्वतंत्रपणे मर्यादेत बसवाव्यात. एका तिकिटावर घरातील चौघे जात असतील, तर चौघांचे वजन एकत्र धरतात का, हे कंपनीला आधीच विचारावे.

हुकाच्या काट्यावर किलो आणि पौंड अशी दोन्ही मापे असतात, आणि बटण चुकून दाबले गेले की आकडा भलताच येतो. एक किलो म्हणजे साधारण २.२ पौंड. २३ किलो म्हणजे जवळजवळ ५१ पौंड. काट्यावर ४८ दिसले तर घाबरू नका, आधी माप पाहा. हा घोटाळा मोठमोठ्यांचाही झालेला आहे. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानात २२,३०० किलो इंधन हवे होते. हिशेब पौंडात झाल्यामुळे निम्म्याहूनही कमी भरले गेले आणि दोन्ही इंजिने आकाशातच बंद पडली. वैमानिकाने विमान तरंगत आणून गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले. सगळे वाचले. पण तेव्हापासून हे उदाहरण माप वाचण्याच्या प्रत्येक धड्यात सांगितले जाते.

आणखी एक फसगत परतीच्या वाटेवर होते. मुलगा परदेशातून २३ किलोच्या दोन बॅगा घेऊन मुंबईला उतरतो आणि तिथून नागपूरला किंवा हैदराबादला जायचे वेगळे तिकीट स्वस्त म्हणून काढलेले असते. ते तिकीट वेगळे असल्यामुळे त्याला १५ किलोचाच नियम लागू होऊ शकतो. मग ३१ किलो जादा! तिकीट एकत्र काढावे, किंवा आतल्या प्रवासासाठी रेल्वे धरावी, किंवा जादा वजन आधीच इंटरनेटवरून घेऊन ठेवावे. आधी घेतलेले जादा वजन खिडकीवर घेण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडते. यात्रेहून विहारासाठी धातूची बुद्धमूर्ती आणणाऱ्यांनीही दुकानातच तिचे वजन करून घ्यावे. दिसायला हातभर असलेली मूर्ती वजनाला बॅगेइतकी भरू शकते.

काय न्यावे, काय ठेवावे?

वजन कमी करायचे म्हणजे माया कमी करायची असे नव्हे. पण गल्लीतील प्रत्येकाचा डबा त्या एका बॅगेत बसणार नाही, हे प्रेमाने सांगावे लागते. दुबईला निघालेल्या माणसाबरोबर शेजारी आपल्या मुलासाठी बांधलेले पार्सल देतात. त्यात काय आहे हे उघडून पाहिल्याशिवाय ते घेऊ नये. वजनही आपले वाढते आणि आत काही निषिद्ध निघाले, तर जबाबदारीही आपलीच. नाही म्हणायला संकोच वाटत असेल, तर सरळ काटा दाखवावा. काट्याने दिलेला नकार कोणाला लागत नाही.

सुके खोबरे न्यायचा मोह आवरावा. त्यात तेल फार असते आणि ते आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून विमानात त्याला मनाई आहे. आपला काळा मसाला खोबरे भाजून-वाटून घरीच करून द्यावा. लोणचे, चटणी, तेलकट पदार्थ जमा करायच्या बॅगेत, दोन-तीन पिशव्यांत घट्ट बांधून ठेवावेत. मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच हवी, जमा करायच्या बॅगेत ती चालत नाही. इंग्लंडला जाणाऱ्यांनी तूप, पेढे यांसारखे दुधाचे पदार्थ नेऊ नयेत. तिथे भारतातून असे पदार्थ नेण्यास परवानगी नाही. नेऊन टाकून द्यायचे, त्यापेक्षा तेवढ्या वजनात एक पुस्तक जास्त नेता येईल. जड बूट आणि जाड कोट अंगावर घालावेत. कुकर, ताटे, पांघरुणे यांपैकी काय तिकडे सहज मिळते, ते आधी गेलेल्या मुलांना विचारावे.

मूळ प्रमाणपत्रे, विद्यापीठाचे पत्र, शिष्यवृत्तीचे कागद, औषधे आणि पैसे हे सर्व हातातल्या बॅगेत ठेवावे. याबाबतीत बाबासाहेबांच्या आयुष्यातला एक प्रसंग प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावा. १९१७ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. ते एका जहाजाने निघाले आणि त्यांचे सामान दुसऱ्या जहाजाने येणार होते. ते सामानाचे जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. थॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये भरपाई मिळाली आणि बडोद्याला नोकरीवर रुजू होण्याचा खर्च त्यातून भागला. पैसे मिळाले, पण पोटाला चिमटा काढून जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली ती गेलीच. आज पाणबुडीचे भय नाही. पण बॅगा चुकतात, उशिरा येतात, दुसऱ्याच शहरात उतरतात. ज्याची भरपाई पैशाने होत नाही, ते आपल्यापासून दूर ठेवू नये.

खिडकीवर उभे राहताना

विमानतळावर घरची मंडळी आत येऊ शकत नाहीत. म्हणून बॅग जमा होऊन तिच्या नावाची चिठ्ठी हाती येईपर्यंत, आणि तसा फोन येईपर्यंत, निरोप देणाऱ्यांनी बाहेरून हलू नये. भिंगारहून पुणे विमानतळ शंभराहून अधिक किलोमीटर आणि मुंबई त्याच्या दुपटीहून दूर. एवढ्या लांब आलात, तर आणखी तासभर थांबा. बॅगेला घरीच प्लास्टिक गुंडाळून किंवा दोऱ्या बांधून नेऊ नका. किल्ली हाताशी ठेवा आणि एक रिकामी कापडी पिशवी सोबत असू द्या. काही विमानतळांवर प्रवाशांसाठी वेगळा काटा असतो. रांगेत उभे राहण्यापूर्वी त्यावर एकदा बॅग ठेवून पाहावी.

घरी केलेल्या वजनाचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावा. खिडकीवर बॅग ठेवण्यापूर्वी तिथला काटा शून्य दाखवतो का, ते पाहावे. पट्ट्यावर दुसऱ्याची बॅग टेकलेली नाही ना, तेही पाहावे. तुमच्या चिठ्ठीवर २२ असेल आणि तिथे २५ दिसले, तर आवाज न चढवता म्हणावे, "साहेब, घरी तपासलेल्या काट्यावर बावीस भरले होते. शेजारच्या काट्यावर एकदा पाहता का?" यात भांडण नाही आणि लाचारीही नाही. आपला आकडा आपल्याजवळ असला, की माणूस ताठ मानेने विचारू शकतो. आकडा नसला, की समोरचा सांगेल ते खरे.

मर्यादा २३ असेल तर घरी २२ वर थांबावे. मर्यादा १५ असेल तर साडेचौदावर. हा अर्धा-एक किलो वाया गेला असे समजू नये. घरचा काटा आणि तिथला काटा यांच्यातल्या फरकासाठी ठेवलेली ती शिल्लक आहे. महिन्याच्या पगारातून चार पैसे मागे ठेवणाऱ्या गृहिणीला शिलकेचे महत्त्व आम्ही काय सांगावे?

शेवटी एक सूचना. प्रत्येक घराने काटा विकत घेण्याची गरज नाही. आपल्या वस्तीतील विहाराच्या वाचनालयात किंवा महिला मंडळाकडे हुकाचा एक चांगला काटा वर्गणीतून घेऊन ठेवावा. सोबत एक वही ठेवावी. नेणाऱ्याने नाव आणि तारीख लिहून न्यावा, दोन दिवसांत परत करावा आणि आणताना बॅटरी चालू आहे का ते पाहावे. वर्षातून एकदा आट्या-मिठाच्या पोत्याने तो तपासावा, आणि वहीच्या पहिल्या पानावर तपासणीची तारीख व फरक लिहून ठेवावा. कोणत्या देशाला कोण गेले, मर्यादा किती होती, काय चालले आणि काय काढावे लागले, हेही त्याच वहीत लिहिले, तर दोन-चार वर्षांत वस्तीला स्वतःची माहिती-पुस्तिका मिळेल. मग पुढच्या मुलीला कोणाच्या भाच्याच्या गोष्टीवर विसंबावे लागणार नाही. हे काम या महिन्यात कोण अंगावर घेते, ते आम्हाला अवश्य कळवावे.

जयभीम!